टेकू नको

बाथरूमची फरशी बसवून झाली होती, नुसते सांधे भरायचे राहिले होते, आणि घरमालकिणीचं मांजर ओल्या कामावरून ऐटीत चालत आलं. फरशीबाईने त्याला हाकलायला अंग वळवलं. अंग वळलं, पाय वळला नाही. तो रोवल्यासारखा जागेवरच राहिला आणि गुडघ्याच्या आत कट्ट असा आवाज झाला. तिने आधी खाली पाहिलं, कारण आवाज ओळखीचा होता. फरशी तडकली की असाच होतो. फरश्या सगळ्या शाबूत होत्या. मग तिला कळलं की तडकलंय ते दुसरंच काही, आणि ती होती तिथेच, ताज्या कामावर, मटकन बसली. मांजर दारात बसून पंजा चाटत होतं.

“मांजर आडवं गेलं की काम होत नाही म्हणतात,” ती पुढे सगळ्यांना सांगायची. “माझं काम झाल्यावर गेलं, म्हणून त्याने माझंच काम तमाम केलं.”

पण मांजराची गोष्ट कोणी खरी मानेना, कारण फरशीबाई रग्बी खेळायची. वय बेचाळीस, घरात हाताशी आलेली लेक, आठवडाभर लोकांच्या घरांत फरश्या बसवायच्या आणि शनिवार आला की बस डेपोच्या मागच्या मैदानात अंड्यासारख्या चेंडूमागे चिखल तुडवायचा, असा तिचा चौदा वर्षांचा नेम. त्या मैदानात तिने नाक फोडून घेतलं होतं, करंगळी कायमची वाकडी करून घेतली होती, दोन दात हलवून घेतले होते. गुडघ्याला मात्र कधी धक्का लागला नव्हता. आणि तो गेला कुठे, तर परक्याच्या बाथरूममध्ये! दुखण्यापेक्षा तिला याचीच जास्त लाज वाटत होती. शेवटी ती कंटाळली, आणि कोणी “खेळताना ना?” म्हणालं की “हो” म्हणून मोकळी होऊ लागली. निदान इभ्रत तरी राहिली.

या खेळात ती शिरली तीही फरशीमुळेच. भूगोल शिकवणाऱ्या एका बाईच्या घरी काम निघालं होतं. तिसरा मजला, लिफ्ट बंद. फरशीबाई फरश्यांची खोकी खांद्यावर टाकून एकामागून एक वर चढवत होती. बाई चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली.

“शनिवारी काय करता?” तिने विचारलं.

“काही नाही. घरातलं.”

“कपडे वगैरे धुता?”

“कपडे नवरा धुतो. लाँड्री आहे त्याची.”

“मग तर प्रश्नच मिटला,” बाई म्हणाली. “आमचे कपडे फार मळतात.”

ती बाई संघाची कॅप्टन होती. तिला खेळातली परकी नावं आवडत नसत. प्रत्येक जागेला तिने आपलं नाव ठेवलं होतं. स्क्रम तेवढा स्क्रमच राहिला. त्यात दोन्हीकडच्या आठ-आठ जणी वाकून, एकमेकींत डोकी अडकवून समोरच्यांना रेटतात आणि मधल्या बोगद्यात चेंडू सोडला जातो. पुढच्या फळीत तिघी. मधली पायाने चेंडू मागे ओढते, तो ‘आकडा’. तिच्या दोन बाजूंना तिला तोलून धरणाऱ्या दोघी, ते ‘टेकू’. फरशीबाई डावीकडचा टेकू. चौदा वर्षांत जागेचं नाव बाईलाच चिकटलं. ‘टेकू आली का?’ ‘टेकूला पाणी द्या.’ ‘टेकूच्या लेकीला कोणी बिस्किटं दिली, ती जेवत नाहीये!’

ती लेक मैदानाच्या कडेलाच मोठी झाली. चार वर्षांची असताना ती चेंडूवर बसायची आणि पडायची. नंतर चेंडू घेऊन पडायची. मग पडायची थांबली. आता ती शाळेच्या संघात नावाजलेली होती आणि तिची जागा अशी, की स्क्रमच्या बोगद्यात चेंडू सोडायचा आणि पळत मागे जाऊन तोच उचलायचा. चेंडू सोडणारी उभी राहते ती डाव्या टेकूच्या अगदी खांद्याशी. हे ज्या दिवशी फरशीबाईच्या लक्षात आलं, त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच होतं. लेकीने आपल्या खांद्याखालून एकदा चेंडू सोडावा. जास्त नाही, एकदाच.

पण मोठ्यांच्या संघात अठरा पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत, आणि लेकीचा वाढदिवस पडला हंगामाच्या अगदी शेपटाला. उरला एकच सामना. त्यानंतरच्या सोमवारी लेक दुसऱ्या गावी जाणार होती. लिफ्ट दुरुस्तीचं शिक्षण, पाठोपाठ तिथेच नोकरी. पुढच्या हंगामात ती कुठे असेल आणि टेकूचं वय कुठे असेल, ते सांगता येत नव्हतं. म्हणजे जे व्हायचं ते त्या एका शनिवारी. आणि त्याच्या महिनाभर आधी मांजर आडवं आलं.

डॉक्टरने फोटो उजेडात धरून दाखवला. “गुडघ्यात दोन दोऱ्या असतात, फुलीसारख्या. पुढची तुटली आहे. अर्धी नाही, पूर्ण.”

“मग मी चालते कशी?”

“सरळ चालायला ती फारशी लागत नाही. वळायला लागते. गर्रकन वळलात की गुडघा निसटणार. ऑपरेशनचं नंतर बघू, आधी सूज उतरू दे आणि मांडीत ताकद येऊ दे.”

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. त्यांचे दोन्ही गुडघे झिजलेले होते आणि घरातल्या गुडघेदुखीवर आजवर त्यांचा एकटीचा हक्क होता. सून पट्टा बांधून लंगडत आत आली तेव्हा त्यांनी चष्मा वर केला.

“गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं. गुडघ्याला पट्टा आज बघितला.”

“आई, लिगामेंट तुटलंय माझं.”

“तुटेल नाही तर काय! अक्कल गुडघ्यात असली की जपून वापरावी. माझे गुडघे सत्तरीत गेले, तुझा बेचाळिशीतच. एवढ्या एका बाबतीत तू माझ्या पुढे गेलीस.” आणि मग काठी पुढे सरकवून, “घे. पण संध्याकाळी मला परत हवी. माझ्या मैत्रिणी येतात.”

काठी एक आणि लंगड्या दोन. पुढचे कितीतरी दिवस घरात ‘काठी कुठेय?’ हा एकच प्रश्न घुमत होता. नवऱ्याने दुसरी काठी आणली, तर सासूबाईंनी ती हलकी आहे म्हणून नापसंत केली आणि सुनेने ती लांब आहे म्हणून. ती छत्र्यांच्या शेजारी उभी राहिली.

नवरा बोलणारा नव्हता. लाँड्रीत दिवसभर वाफेच्या आवाजात उभं राहून त्याची बोलायची सवयच गेली होती. बायकोने खेळू नये असं त्याला मनापासून वाटत होतं, पण तसं म्हणायचं म्हणजे वाद आला. म्हणून त्याने आपल्या परीने उपाय केला. संघाच्या सगळ्या जर्स्या धुऊन, वाळवून, घड्या घालून परत गेल्या. फक्त तिची आली नाही.

“अहो, माझी जर्सी?”

“वाळली नाही.”

“दोन आठवडे झाले!”

“हवा दमट आहे,” तो म्हणाला. बाहेर डांबर वितळत होतं.

कामाचंही सगळं उलटंपालटं झालं. फिजिओबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “काही कर, पण गुडघा टेकू नको.” त्या साठीच्या पुढच्या, आणि दवाखान्यात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला तू म्हणायच्या. सासूबाईंचे गुडघेही त्यांच्याच ताब्यात होते; सासूबाईंना मात्र त्या अहो म्हणायच्या, कारण एकदा तू म्हणून बघितलं होतं.

“फरशीवालीने गुडघा टेकायचा नाही म्हणजे कसं हो?” फरशीबाईने विचारलं. “लोक हरल्यावर गुडघे टेकतात. मी रोज डबा खाली ठेवला की टेकते.”

“मग भिंतीच्या फरश्या बसव. उभ्याने.”

तेव्हापासून तिने जमीन सोडली आणि भिंत धरली. कामावरचा जोडीदार खाली, ती वर. मांडीचे व्यायाम मात्र मन लावून केले. खुर्चीतून हात न लावता उठायचं, भिंतीला पाठ लावून अर्धं बसायचं, पायाला रबर बांधून ताणायचं. व्यायाम करता करता ती फिजिओबाईंना संघाच्या गोष्टी सांगायची. आकडा असा, टेकू असा, चेंडू असा वाकडा उडतो. फिजिओबाई ‘हं, हं’ म्हणत मांडी दाबून बघायच्या. आपण सांगतो ते त्यांना कळतं, अशी फरशीबाईची समजूत होती. त्या खरं तर स्नायू मोजत होत्या.

शनिवार जवळ आला तसा तिला धीर धरवेना. ती एका स्वयंपाकघरात ओट्यावरच्या भिंतीचं काम करत होती. मागे जोडीदाराने फरशी कापायचं मशीन सुरू केलं होतं. तिने एका कानात बोट घातलं आणि दुसऱ्याला फोन लावला.

“फिजिओबाई, शनिवारी मॅच आहे. जाऊ ना?”

“न जायला काय झालं? जा की! पण...” इथे मशीन किंचाळलं. फोनमधलं पुढचं काहीतरी त्याने खाल्लं आणि शेवटचे दोन शब्द तेवढे स्वच्छ ऐकू आले. “...टेकू नको.”

“टेकू नको?”

“अजिबात नको! बाकी मजा कर.”

फरशीबाईने फोन ठेवला आणि हातातली फरशी उलटी लावली.

संध्याकाळी तिने हे कॅप्टनला सांगितलं. कॅप्टनने नीट विचारून घेतलं. “त्यांचे शब्द काय होते? नेमके?”

“जा म्हणाल्या. टेकू नको म्हणाल्या. बाकी मजा कर म्हणाल्या.”

“म्हणजे टेकूच्या जागेवर नको, बाकी कुठेही चालेल.”

“तसंच वाटतंय.”

“बरोबरच आहे,” कॅप्टन म्हणाली. तिला सामन्यासाठी माणसं कमी पडत होती. “टेकूवर सगळा भार येतो. बाईंना खेळ कळतो म्हणायचा! तू आपली काठावर उभी राहा. तिथपर्यंत चेंडू यायच्या आत सामना संपतो.”

काठ म्हणजे मैदानाची कड. तिथे पळणाऱ्या पोरी उभ्या करतात. पळायचं, एकदम थांबायचं, वळायचं. हे फरशीबाईला ठाऊक नव्हतं असं नाही. मनात शंका उंदरासारखी खुडबुडली. तिने तिच्यावर घमेलं पालथं घातलं. खांद्याखालून चेंडू जाणार नाही, ठीक आहे. पण लेक आणि आपण एका रंगाच्या कपड्यात एका मैदानात तरी असू.

“फिजिओबाई खरंच हो म्हणाल्या?” लेकीने विचारलं.

“माझ्या या कानांनी ऐकलं.”

“दोन्ही?”

“एकाने,” फरशीबाई खरं बोलली.

शनिवारी सकाळी जर्सी खुर्चीच्या पाठीवर होती. धुतलेली, इस्त्री केलेली, बाहीला सुरीसारखी घडी. नवरा दार लावून आधीच बाहेर पडला होता. त्यालाही फिजिओबाईंचा निरोप कळला होता, आणि वैद्याच्या शब्दापुढे दमट हवेचं काही चालत नाही.

मैदानावर ती काठावर जाऊन उभी राहिली. पट्टा घट्ट, मोजा वर. दूर मधोमध तिची लेक कमरेवर हात ठेवून उभी होती, उंच, मान ताठ. ही कधी एवढी झाली असं फरशीबाईला वाटतंय न वाटतंय, तोच कडेला टॅक्सी थांबली. सासूबाई उतरल्या. त्यांच्या मागोमाग, त्यांची काठी सांभाळत, फिजिओबाई उतरल्या. शनिवारी सकाळी त्या सासूबाईंचे व्यायाम घ्यायला घरी यायच्या. आज सासूबाईंनी फर्मावलं होतं की व्यायाम राहू द्या, नातीचा खेळ बघायला चला.

शिट्टी वाजली. चेंडू उडाला. फिजिओबाईंनी पटांगणभर नजर फिरवली, ती काठावर येऊन थांबली, आणि काठी हातात तशीच घेऊन त्या मैदानात धावत सुटल्या.

“ए! ए! थांबवा! ती बाई बाहेर काढा!”

पंच चष्म्याच्या दुकानाचा मालक होता. त्याच्या नजरेवर आजवर इतक्या जणींनी शंका घेतली होती की काठीवाल्या बाईंनाही तो आधी प्रेक्षकच समजला. त्या त्याच्या अंगावरून पुढे गेल्या तेव्हा त्याने शिट्टी मारली.

“मी तुला काय सांगितलं होतं?” फिजिओबाई धापा टाकत म्हणाल्या.

“टेकू नको!”

“मग?”

“मग मी टेकू नाहीच आहे! काठावर आहे!”

“काठावर म्हणजे?”

“टेकू ती शिंपीणबाई आहे बघा, तिकडे!”

फिजिओबाईंनी तिकडे बघितलं. शिंपीणबाईने तिकडून हात हलवला.

“अगं, गुडघा! गुडघा टेकू नको! बघायला जाशील, गवतावर बसशील, फोटो काढताना गुडघा टेकशील, म्हणून सांगितलं! खेळ म्हणून कोणी सांगितलं तुला?”

दोन्ही संघ हसत सुटले. समोरच्यांची बेकरीवाली, जिने एकदा फरशीबाईचं नाक फोडलं होतं, ती तर खालीच बसली. कॅप्टन बुटाच्या नाडीकडे बघू लागली. हसल्या नाहीत त्या दोघीच, फरशीबाई आणि तिची लेक.

“आई,” लेक जवळ येऊन हळू म्हणाली, “तुला ऐकू येत नाही, का ऐकायचं नसतं?”

“मशीन चालू होतं.”

“आई!”

“बरं, नव्हतं ऐकायचं.” फरशीबाईने नाक पुसलं. “तू सोमवारी चाललीस. मला एकदा तुझ्या हातचा चेंडू हवा होता. स्क्रममध्ये, इथून, खांद्याखालून. ते जमलं नाही म्हणून निदान काठावर.”

“मी काय मरायला चाललेय? लिफ्ट दुरुस्त करायला चाललेय!” लेक ओरडली, आणि एकदम तिचा आवाज उतरला. “मलाही हवं होतं गं. मी कडेला बिस्किटं खात बसायचे ना, तेव्हापासून. पण गुडघा निसटला तुझा, तर मी तिकडे जाऊन काय लिफ्ट उघडू? माझं चित्त इथेच.”

फरशीबाई बाहेर आली. सासूबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि टोमणा दिला नाही. तो न मिळाल्यामुळे तिला पहिल्यांदा रडू आलं.

खेळ सुरू झाला. शिंपीणबाई टेकूच्या जागेवर कधीच खेळलेली नव्हती, म्हणून पंचाने पहिल्याच स्क्रमला सांगून टाकलं, रेटायचं नाही. नुसतं वाकायचं, धरायचं, चेंडू सोडायचा, घ्यायचा. नवख्या टेकूला रेटलं तर मान मोडते, म्हणून नियमच आहे तसा. आणि एकदा रेटायचं नाही ठरलं की शेवटपर्यंत नाही.

एक स्क्रम झाला, दुसरा झाला. फिजिओबाई पुढे सरकल्या. तिसऱ्याला त्या कॅप्टनला हाका मारू लागल्या.

“हे असंच? वाकतात, धरतात आणि सोडून देतात?”

“आज असंच. एरवी खूप रेटतात.”

“वळत नाहीत?”

“टेकूने वळायचं कशाला?”

पुढचे सगळे स्क्रम फिजिओबाईंनी पायांकडे बघत घालवले. सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मध्यंतरात संघ बराच मागे पडलेला होता आणि सासूबाईंनी तोंड उघडलं.

“काय हो, माझ्या सुनेला तुम्ही भिंतीशी अर्धं बसवता ते सोपं, की हे?”

फिजिओबाई हसल्या. “तुम्हाला काय म्हणायचंय ते कळलं मला.”

“मला काही म्हणायचं नाही. मी नुसतं विचारलं. तिचं खेळणं मला चौदा वर्षांत आवडलेलं नाही. पण ती महिनाभर रबर ताणत होती ते काही भिंतीसाठी नव्हे, एवढं मलाही दिसतं.”

“इकडे ये,” फिजिओबाई फरशीबाईला म्हणाल्या. “वाकून दाखव. तुझ्यासमोर कोण असतं?”

“बेकरीवाली.”

“आत्ता कोण आहे?”

समोर नवरा होता. तो लाँड्री हाताखालच्या पोऱ्यावर सोपवून नुकताच आला होता आणि काय चाललंय हे त्याला कळायच्या आत त्याला वाकवलं गेलं. नवरा-बायको डोक्यात डोकं अडकवून, एकमेकांच्या बाह्या धरून, सगळ्या मैदानादेखत वाकले. त्याचे कान इस्त्रीसारखे तापले.

“अगं, हे काय?” तो खालून म्हणाला.

“गप्प राहा. मान सरळ ठेवा.”

“तू चौदा वर्षं हे करतेस?”

“तुम्ही वाकलायत ते अगदीच लेचंपेचं आहे. मी जोर लावला तर उताणे पडाल.”

“जोर लावायचा नाही!” फिजिओबाई खाली बसून तिच्या गुडघ्यावर हात ठेवून होत्या. त्यांनी तिला वाकवलं, उठवलं, पुन्हा वाकवलं, मांडी दाबली, पट्टा सोडून पुन्हा बांधला. “गुडघा हलत नाही. मांडीने धरलाय.” त्या उठल्या. “एक. एकच. तोही रेट नसलेला. चेंडू आत गेला की तुझं काम संपलं. चेंडू तुझ्या पायाशी आला तरी तू पुतळा. पळालीस, वळलीस, तर माझ्या दवाखान्याची पायरी चढायची नाही.”

फरशीबाईने लेकीकडे बघितलं. लेकीने बराच वेळ गुडघ्याकडे बघितलं. “पुतळा,” ती म्हणाली. “शपथ घे.”

“पुतळा.”

पण स्क्रम काही मागवून मिळत नाही. कोणाच्या तरी हातून चेंडू पुढे सांडावा लागतो. आणि चेंडू लेकीने सोडायचा तर तो समोरच्यांच्या हातून सांडायला हवा. सकाळपासून दोन्हीकडच्या पोरी चेंडू साबणासारखा निसटवत होत्या. आता फरशीबाई कडेला पट्टा बांधून तयार उभी, तर कोणाच्या हातून काही सुटेल तर शपथ! एकदा सुटला, तो आपल्याच शिंपीणबाईच्या हातून. ती सगळ्यांची माफी मागत सुटली. समोरच्यांनी आणखी गुण घेतले. सामना तर केव्हाच हातचा गेला होता. पंच घड्याळ बघू लागला. सासूबाई काठी आपटून ओरडत होत्या, “सांडा गं कोणीतरी! एरवी भांडी फोडता ना!”

आणि शेवटी शेवटी बेकरीवालीकडे साधा, सरळ, हातात ठेवल्यासारखा चेंडू आला आणि तिच्या हातून टप्पकन पुढे पडला.

“हिच्या हातून कधी पाव पडत नाही,” शिंपीणबाई बाहेर येता येता म्हणाली, “चेंडू बरा पडला!”

बेकरीवालीने तळवे उलटेसुलटे करून बघितले. “घाम,” ती म्हणाली.

फरशीबाई मैदानात गेली. चालत, सरळ, घाई न करता. आकड्याने हात पसरला, तिने बगलेत खांदा दिला. बाकीच्या मागून येऊन जुळल्या. पंच म्हणाला वाका, आणि त्या वाकल्या. गवताचा, घामाचा, ओल्या कापडाचा तो वास आला. समोर बेकरीवालीचा लालभडक चेहरा आला. सोळा जणींचे श्वास एका ठिकाणी आले. गुडघा गप्प होता. मांडी थरथरत होती पण धरून होती. जगातलं सगळं बाहेर राहिलं आणि आतला तेवढा बोगदा उरला.

डाव्या खांद्याशी दोन पाय येऊन उभे राहिले. डाव्या बुटाची नाडी अर्धवट खोचलेली, नेहमीसारखी.

“आई, खांदा थोडा वर,” वरून आवाज आला.

“मला शिकवतेस?”

“वर घे!”

तिने वर घेतला. लेकीचे हात दिसले. मळलेले, नखं आखूड कापलेली, अंगठ्याशी खरचटलेलं. चेंडू त्या हातांतून सुटला, तिच्या खांद्याखालून, तिच्या गालाला वारा लागेल इतका जवळून आत गेला, आणि आकड्याने तो पायाने मागे ओढला.

एवढंच. एका श्वासाचं काम.

बाजूचा भार उतरला, हात सुटले, बाया उठल्या आणि पळाल्या. फरशीबाई सरळ झाली आणि पुतळा झाली. लेकीने मागे जाऊन चेंडू उचलला होता. ती कोणाकडे देईल म्हणून सगळ्या बघत होत्या, पण ती स्वतःच निघाली. एकीला चुकवलं, गर्रकन वळली, दुसरीच्या हातातून निसटली आणि काठाने धावत सुटली. आई जिथे उभी होती तिथून तिची पाठ लहान लहान होत गेली. तिने मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पडली असती, आणि फरशीबाईने तिला त्याबद्दल कधीच माफ केलं नसतं.

दूर कोपऱ्यात दोघींनी तिला पाडलं. पडता पडता तिने चेंडू तिसरीला दिला, उठली, माती झटकायची तसदी न घेता पुन्हा तिच्यामागे पळाली. सगळा सामना त्या कोपऱ्यात गेला. मधल्या मोकळ्या मैदानात फरशीबाई एकटी उभी होती आणि हसत होती, इतकी की गाल दुखायला लागले.

पंचाने तिच्याकडे बोट करून बाहेरची दिशा दाखवली. कडेवरून नवरा आत आला होता, नियमात बसतं की नाही ते न विचारता, हात पुढे करून. तिने त्याचा दंड धरला.

“बघितलंत?” ती म्हणाली. “चेंडू कसा सोडला! कशी गेली! बघितलंत ना?”

“नाही,” तो म्हणाला. “मी तुझ्या गुडघ्याकडे बघत होतो.”